बावखलातली बर्फवृष्टी

वसई-विरार पट्ट्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, माझ्या कार्डावर छापलेलं आहे. 'दिनानाथ खडपे, खासगी अन्वेषक. काहीही शोधून मिळेल.' त्याखाली फुलपाड्याचा पत्ता आणि शेवटी बारीक अक्षरांत, 'लिफ्ट बंद असल्यास फोन करावा, अन्वेषक खाली येतील.'

माझी नजर जन्मजात नाही, कमावलेली आहे. वालीवच्या एका रबरी रिंगांच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं तपासनीस होतो. रोज चार हजार रिंगा डोळ्यांखालून जात. त्या सगळ्या गोल आहेत हे मी एका दृष्टिक्षेपात ओळखत असे. कारखान्यानं मला मुदतीआधी निवृत्त केलं तेव्हा साहेब म्हणाले, "खडपे, तुमच्या बुद्धीला इथं वाव नाही." तो वाव मी आता जनतेला उपलब्ध करून दिला आहे. जिन्यातून रोज नाहीशी होणारी दुधाची पिशवी (मांजर), हळदीकुंकवाच्या समारंभात बदललेली चप्पल (दुसऱ्या बाईची तसलीच चप्पल) आणि गच्चीवरच्या टाकीतून येणारा गूढ आवाज (टाकी) ही माझी गाजलेली प्रकरणं.

सुमेधा माझी सहायक आहे. ती माझी बायकोही आहे, पण ते कामाच्या वेळेबाहेर. आमच्या गॅलरीत तिची घरघंटी आहे आणि सगळ्या सोसायटीचं दळण तिच्याकडे येतं. तिला कुणी विचारलं की ती "मी दळण करते" एवढंच सांगते. गुप्तहेराच्या सहायकानं ओळख लपवावीच लागते, म्हणून मीही तिला कधी टोकत नाही.

ईस्टरनंतरच्या सोमवारी फोन वाजला.

"खडपे सर का? मी हेलन तुस्कानो. शाळेत सायन्स शिकवते. झेरॉक्सच्या दुकानात तुमचं कार्ड बघितलं. तुम्ही काहीही शोधून देता ना?"

"बोला."

"मला हाउसिंग हवंय. सेकंडहँड चालेल. नवीन परवडणार नाही."

मी वही उघडली. "किती मोठं?"

"लहानच. माझी सुरुवातच आहे. पण पाण्याखाली गेलं तरी चाललं पाहिजे."

"किती पाणी?"

"बारा फूट. जास्तीत जास्त पंधरा."

मी मनातल्या मनात मोजलं. तळमजला पूर्ण, वर पहिल्या मजल्याची खिडकी. आता, वसई-विरारमध्ये पाण्याखाली जाणारं हाउसिंग शोधायला खरं तर गुप्तहेर लागत नाही. जुलै महिन्यात कुठल्याही एजंटला विचारलं तरी तो चार दाखवेल. बाई मात्र पुढं म्हणाल्या, "आणि सर, गळता कामा नये. एक थेंब जरी आत आला तर सगळं संपलं."

इथं मी सावरून बसलो. "मॅडम, न गळणारं हाउसिंग या तालुक्यात अवघड आहे. प्रयत्न करतो. हवेशीर हवं ना?"

"नको नको! हवा जायला यायला फटसुद्धा नको. फक्त समोरची काच स्वच्छ पाहिजे."

फोन ठेवून मी सुमेधाला म्हणालो, "बाई एकट्या आहेत, कुणाला तरी घाबरतात आणि त्यांना पूर येणार असल्याची गुप्त बातमी आहे."

"की त्यांना दुसरंच काही म्हणायचं होतं?" सुमेधा म्हणाली. ती ज्वारी चाळत होती. सहायकांना असे साधे प्रश्न पडतात.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी हेलन मॅडमना एका एजंटबरोबर तळमजल्याचा वन-रूम-किचन दाखवायला नेलं. चाळिशीच्या, सडपातळ, खांद्याला पर्स. एजंटनं दार उघडून भिंतीवरची ओली रेघ दाखवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, मागच्या वर्षी पाणी फक्त ओट्यापर्यंत आलं होतं."

हेलन मॅडमनी ती रेघ पाहिली, मग मला पाहिलं. मग पर्समधून मुठीएवढा कॅमेरा काढून माझ्या हातावर ठेवला.

"सर, हाउसिंग याच्यासाठी हवंय."

"हा इथं राहणार?"

"कॅमेरा पाण्यात न्यायचा तर त्याला एक बंद पेटी घालावी लागते. पारदर्शक. तिला हाउसिंग म्हणतात."

मी त्या फ्लॅटवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. "तरीच," मी म्हणालो. "कॅमेऱ्याला जरा मोठाच पडला असता."

एजंट निघून गेल्यावर त्या ओट्याला टेकून हेलन मॅडमनी सगळं सांगितलं, आणि ते ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की हे प्रकरण मांजराचं नाही.

पश्चिमेला, गावात, त्यांच्या वाडीत एक बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं गोड्या पाण्याचं तळं, विहिरीहून मोठं आणि तलावाहून घरगुती. हेलन मॅडम त्यात पोहायला शिकल्या, त्यांचे वडीलही त्यातच शिकले. आता मे महिन्यात व्हॅलेरियन अंकलच्या मुलीचं लग्न होतं. अंकल म्हणजे हेलन मॅडमच्या वडिलांचे थोरले भाऊ, घरातले सगळ्यांत मोठे, त्यांचा शब्द शेवटचा. मांडवाला जागा हवी म्हणून त्यांनी बावखल बुजवायचं ठरवलं होतं. मातीचे डंपर येत्या सोमवारी येणार होते.

"मी खूप भांडले," हेलन मॅडम म्हणाल्या. "ते म्हणाले, त्या डबक्यात आहे काय? डासांशिवाय काही असेल तर दाखव. रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर सगळे आमच्या ओट्यावर बसतील. तोवर दाखवलं नाहीस तर गप्प बसायचं. सर, आत खूप काही आहे. मी बघितलंय. पण मी बघून काय उपयोग? एक फोटो पाहिजे. एकच, पण स्वच्छ."

डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही जरासे, पण मी ते ओलाव्यामुळे आहे असं दाखवलं. भिंत सोयीची होती.

गुरुवारी आम्ही क्लिफर्डच्या दुकानात गेलो. क्लिफर्ड बरीच वर्षं जहाजावर होता, आता वसईत पाण्यात उतरायचं सामान भाड्यानं देतो. मी आत शिरताच कपाटातला सगळ्यांत मोठा कॅमेरा हेरला. त्याला लोखंडी पेटी, दोन्ही बाजूंना दोन फ्लॅश, एकूण आकार आमच्या घरघंटीएवढा.

"हा," मी म्हणालो.

"हा घेऊन मॅडम खाली जातील," क्लिफर्ड म्हणाला, "वर यायचं मात्र बघावं लागेल. खडपे साहेब, पहिल्यांदा उतरणाऱ्यानं हात रिकामे राहतील असं सामान घ्यावं. मॅडमकडे छोटा कॅमेरा आहेच, त्याला बसेल अशी प्लॅस्टिकची पेटी देतो. कॅमेरा कितीही भारी असू दे, मध्ये पाणी जेवढं कमी तेवढा फोटो बरा. म्हणून जवळ जायचं. हळू जायचं. बस."

त्यानं पेटी उघडून तिच्या कडेची काळी रबरी रिंग दाखवली. ती गोल होती. मी तसं सांगितलं.

एवढ्यात हेलन मॅडमना मुख्याध्यापिकांचा फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या आणि दिव्याची निवड माझ्यावर आली.

"खाली गेलं की लाल रंग आधी मरतो, सगळं हिरवट दिसतं," क्लिफर्ड म्हणाला. "म्हणून दिवा पाहिजे. फ्लॅश नको, तो वापरायला सराव लागतो. हा सतत पेटणारा घ्या. जे डोळ्याला दिसेल तेच फोटोत येईल."

"सगळ्यांत प्रखर कोणता?"

"प्रखर नको साहेब, रुंद झोताचा बरा. आणि याला हात देऊ?"

"हात कशाला? मी आहे ना."

क्लिफर्ड म्हणाला, "हाताशिवाय जमायचं नाही."

"हे बघा," मी नम्रपणे पण ठाम सांगितलं, "सत्तावीस वर्षं नोकरी केली, सतरा प्रकरणं सोडवली, आजवर कुणाचा हात घेतला नाही."

"जशी मर्जी. मी काढून ठेवतो इथं. लागला तर फोन करा."

त्याचा मदतीचा उत्साह मला आवडला, पण थोडा अति वाटला. हेलन मॅडम परत आल्या तेव्हा सामान पिशवीत भरून झालं होतं.

शुक्रवारी दुपारी सुमेधानं मला स्कूटरवरून गावात सोडलं. स्कूटर तीच चालवते, कारण विचार करणाऱ्यानं हँडल धरू नये. केळीच्या बागेतून वाट गेली होती. पुढं दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांखाली हिरवं, निवांत पाणी. मला पाण्याचं काही नाही, पण मी काठापासून आठ फुटांवर उभा राहिलो, कारण तिथून देखावा चांगला दिसत होता.

दिवा कॅमेऱ्याला जोडायला काही सोयच दिसेना. हेलन मॅडम गोंधळल्या. मी खिशातून वालीवच्या दोन रबरी रिंगा काढल्या (मी त्या कायम बाळगतो) आणि दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर, भिंगाला अगदी चिकटून, घट्ट बांधून दिला. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या कपाळावर असतो, अगदी तसा. "आता जिकडे डोळा तिकडे उजेड," मी म्हणालो. हेलन मॅडमना पटलं. त्या नवशिक्या होत्या, म्हणून पटलं. माझ्याकडे तीही सबब नाही.

त्यांनी बारा बुड्या मारल्या आणि बारा फोटो काढले. वर येऊन आम्ही ते पाहिले तर बाराही फोटोंत बर्फ पडत होता.

दुसरा शब्द नाही. पांढरे ठिपके, हजारो, लहान-मोठे, वरपासून खालपर्यंत. मागं काहीतरी होतं, एखादी पायरी असेल, एखादा मासा असेल, पण सगळं त्या बर्फवृष्टीत बुडालेलं. एप्रिल महिना, वसई तालुका, सावलीत छत्तीस अंश.

हेलन मॅडम पायरीवर मटकन बसल्या. केसांतून पाणी गळत होतं. "हे दाखवलं तर अंकल म्हणतील, बघ, घाणच आहे."

"मॅडम," मी म्हणालो, "आता हे प्रकरण माझं."

रात्रीच्या जेवणाआधी मी तीन तर्क तयार केले. पहिला सर्वांत सोपा होता, म्हणून फोनवरच निकालात काढायचं ठरवलं.

"मॅडम, एक खासगी प्रश्न. आपल्याला कोंडा आहे का?"

फोन कट झाला. नाही, असं मी वहीत लिहिलं.

दुसरा तर्क बदकांचा. व्हॅलेरियन अंकलच्या पत्नी फ्लॉसी आंटी बदकं पाळतात आणि बदकांना पिसं असतात. शनिवारी सकाळी मी वाडीत जाऊन आंटींना विचारलं, "आपली बदकं शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास कुठं होती?"

आंटी सोनचाफ्याच्या कळ्या खुडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोनतं बदक?"

"सगळी."

"दोन होती. ईस्टरला कापली."

निवेदन पक्कं होतं. बदकांना वगळलं.

राहिला तिसरा तर्क, आणि तो माझ्या डोळ्यांसमोरच उभा होता. व्हॅलेरियन अंकल, सत्तरीचे, बांधेसूद, लेंगा-बनियनवर, हातात बादली आणि कुंचला. बादलीत चुना, पांढराशुभ्र. बोटं पांढरी, कानाची पाळीसुद्धा पांढरी. बावखल तिथून चार-पाच पावलांवर. हेतू, साधन, संधी, सगळं एका बादलीत.

मी घसा खाकरला. "व्हॅलेरियन तुस्कानो, आपण बावखलात चुना टाकत आहात. हेलन मॅडमचे फोटो बिघडावेत म्हणून."

ओट्यावर बसलेले दोन-तीन नातेवाईक उठून उभे राहिले. हेलन मॅडम घरातून धावत आल्या. "सर! काय बोलताय तुम्ही?"

अंकल चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत. त्यांनी बादली खाली ठेवली.

"चुना नारळाच्या बुंध्यांना लावतोय, खडपे. लग्नघर हाय. पान्यात कशाला टाकीन?" मग बावखलाकडे न बघता म्हणाले, "लहानपनी असाच आळ आला होता माझ्यावर. ह्याच काठावर. तेव्हापासून मला त्या डबक्याचं तोंड बघायला नको वाटतं."

'जुना गुन्हा, तेच घटनास्थळ', मी वहीत टिपलं आणि संशयिताला पूर्ण नजरेत घेण्यासाठी दोन पावलं मागं सरकलो. मग आणखी दोन. तिसरी दोन पायऱ्यांवर पडली आणि चौथी पडली नाहीत, कारण तिथं जमीन नव्हती. अशा प्रकारे मी घटनास्थळाची आतून पाहणी केली.

पाहणी लहान होती पण सखोल होती. एवढं आठवतं की मी डोळे उघडे ठेवले होते आणि एकही पांढरा ठिपका दिसला नाही. मग एक चुन्यानं माखलेला हात खाली आला. हा हात मात्र मी घेतला.

व्हॅलेरियन अंकलनी मला पायरीवर बसवलं, फ्लॉसी आंटींनी टॉवेल आणि आलं घातलेला चहा दिला. ज्याच्यावर आळ घेतला त्यानंच मला ओढून काढलं होतं, आणि हे वहीत कसं लिहावं ते मला कळेना. वही तशीही भिजली होती.

दुपारी घरी आलो तेव्हा वीज गेलेली होती. सुमेधा घरघंटीसमोर उकिडवी बसून तिचं दार उघडून आत डोकावत होती. आत पिठाचा धुरळा, अजून खाली न बसलेला. काहीतरी अडकलं होतं.

"आलात? भिजलात कसे? राहू दे, नंतर सांगा. जरा टॉर्च धरा."

मी टॉर्च घेतला आणि तिच्या कपाळाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरला. जिकडे डोळा तिकडे उजेड.

"अहो, असा नको! नाकासमोर धरला की पीठच चमकतं. मागचं काय दिसणार, कप्पाळ? हात लांब करा. बाजूनं धरा. हां. आता दिसतो बघा पट्टा. खडा आहे, हरभऱ्याएवढा."

तिनं खडा काढला. मी टॉर्च हळूहळू परत तिच्या कपाळाशी आणला. बर्फवृष्टी. हात बाजूला नेला. पट्टा, चाक, चाकाचे दाते, सगळं लख्ख. पुन्हा कपाळाशी. बर्फ.

"खेळताय काय?" सुमेधा म्हणाली.

"सुमेधा," मी म्हणालो, "बावखलात पीठ आहे."

"कुठल्याही पाण्यात गाळ असतोच की थोडा. डोळ्याला नाही दिसत. दिवा तोंडावर मारला की दिसणार." मग तिनं संशयानं माझ्याकडे पाहिलं. रहस्यकथेत हा क्षण गुप्तहेराचा असतो. "तुम्ही दिवा कुठं बांधला होता?"

मी उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. क्लिफर्ड होता.

"खडपे साहेब, तुमचा हात न्यायचा राहिला. मी गोव्याला निघालोय. दुकान सोमवारीच उघडेल."

"हात म्हणजे..." मी विचारलं, आणि आवाज माझा मलाच बारीक वाटला. "दिव्याचा?"

"मग काय माझा? दांडी असते ती. वाकणारी. दिवा कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला धरायला. आम्ही तिला हात म्हणतो. तुम्ही म्हणालात, आजवर कुणाचा घेतला नाही. मला वाटलं साहेब अनुभवी दिसतात. हे बघा, मी आता गाडीत आहे."

तर असा होता गुन्हेगार. तो फुलपाड्यात राहत होता, माझाच चष्मा वापरत होता आणि माझ्याच खिशातून रबरी रिंगा काढत होता. कोंड्याचा आळ एका शिक्षिकेवर, पिसांचा दोन मृत बदकांवर आणि चुन्याचा एका सत्तर वर्षांच्या माणसावर, ज्यानं मला बुडताना वाचवलं. मला स्वतःची लाज वाटली. खरीखुरी वाटली, आणि ती लपवायला भिंत नव्हती.

सुमेधा हातावरचं पीठ झटकत उठली. "चला."

"कुठं? हात दुकानात कुलूपबंद आहे."

"तुम्हाला दोन आहेत ना?"

चार वाजता आम्ही बावखलावर पोचलो. हेलन मॅडमना मी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "दिवा कोण धरणार?" आणि तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. तिघं म्हणजे हेलन मॅडम, सुमेधा आणि मी स्वतः.

मला पाण्याची भीती वाटते. आता लपवून काय करू? पोहता येत नाही, गुडघ्याच्या वर पाणी गेलं की मी मागं फिरतो. सकाळची पाहणी तर अजून नाकात होती. पण उद्या रविवार होता आणि परवा डंपर.

मी शर्ट काढून घडी केली, वर चष्मा ठेवला आणि पायऱ्या उतरलो. पोटापर्यंत, छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत. मागं सुमेधा साडी खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि तिनं माझं डावं मनगट धरलं. उजव्या हातात दिवा. हेलन मॅडम खाली गेल्या. मी श्वास घेतला, डोकं पाण्यात घातलं आणि हात लांब केला, जेवढा होतो त्याहून थोडा जास्त.

बाजूनं उजेड पडला तसं पाणी जणू उघडलं. शेवटच्या पायरीपलीकडे दगडांच्या खाचेत काहीतरी गोल होतं. मी रिंगांचा माणूस, मला गोल कळतं. त्या गोलातून एक लांबट तोंड बाहेर आलं, त्याला दोन डोळे होते आणि ते माझ्याकडे पाहत होते. मी किंचाळलो. पाण्याखाली किंचाळणं ऐकू येत नाही, नुसते बुडबुडे जातात. पण हात हलवला नाही. एवढं मी कोर्टात सांगायला तयार आहे. सुमेधानं मनगट दाबलं आणि मी हात हलवला नाही.

सात बुड्या झाल्या. त्यातली एक पुरली.

रविवारी मिसा झाली, सगळे ओट्यावर जमले. कुणी काही बोलायच्या आत मी उभा राहिलो आणि व्हॅलेरियन अंकलना हात जोडले. "काल मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. चूक माझी होती. दिवा मीच चुकीचा बांधला होता."

"बसा," ते म्हणाले. "चहा घ्या."

हेलन मॅडमनी फोटो मोठा छापून आणला होता. तो त्यांनी अंकलच्या मांडीवर ठेवला. हिरव्या पाण्यात, दगडांच्या खाचेत, शेवाळानं मढलेलं एक मातीचं गाडगं, आणि त्याच्या तोंडातून डोकं बाहेर काढून बसलेली सापासारखी लांब वाम. पाठ पिवळसर तपकिरी, पोट सोनेरी. खवीस वाटावी एवढी जवळ आणि कॅलेंडरवर शोभेल एवढी सुंदर. एकही ठिपका नाही म्हणणार नाही. तीन होते.

"अंकल, ही बघा," हेलन मॅडम घाईनं बोलू लागल्या, "ही वाम, हिच्यामुळे—"

अंकल वामीकडे बघतच नव्हते. त्यांचं बोट गाडग्याच्या काठावरून फिरत होतं.

"हे आमच्या रहाटाचं."

त्यांनी फोटो मांडीवर सरळ केला.

"रहाटाला अशी गाडगी बांधलेली असायची, पानी ओढायला. मी नऊ वर्षांचा. बैल मी हाकत होतो. एक गाडगं गेलं. बाबा म्हनाले, तू फोडलंस. मी म्हनालो, फुटलं नाय, सुटलं. दोरी सुटली. त्यांनी मारलं. मग जन्मभर, कुनी पावना आला की सांगायचे, आमच्या व्हॅलेरियननं गाडगं फोडलं. हसत सांगायचे. मरायच्या आदल्या महिन्यातसुद्धा सांगितलं." त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. काठ शाबूत, गळा शाबूत, पोटाला साधा तडा नाही. "फ्लॉसी, बघ. सुटलं होतं. फुटलं नव्हतं."

फ्लॉसी आंटींनी पदरानं त्यांचा गाल पुसला. कालचा चुना अजून कानाच्या पाळीला होता, तोही पुसला.

"वर काढून देऊ?" हेलन मॅडमनी हळूच विचारलं.

"आन् ती कुठं जाईल?" अंकल वामीकडे पाहत म्हणाले. "तिचं घर हाय ते. राहू दे." मग खिशातून फोन काढून त्यांनी डंपरवाल्याला सांगितलं की माती नको, मांडव शाळेच्या मैदानात घालू.

मी हेलन मॅडमच्या कानाशी वाकलो. "सोमवारी तुम्ही सांगितलं होतं तसंच. पाण्याखालचं, सेकंडहँड, एका जणाला पुरेल एवढं."

"पण काच नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

अंकल अजून फोटो बघत होते. त्याच्या उजव्या कोपऱ्यात, कडेला कापलेला, एक हात होता. पाण्यानं सुरकुतलेली बोटं, बोटांत दिवा आणि मनगटावर एक काळी रबरी रिंग.

"हा कोनाचा हात?"

"तो चुकून आला," हेलन मॅडम म्हणाल्या. "फ्रेम करताना कापून टाकते."

"कापू नको," अंकल म्हणाले. "त्यानं धरला म्हनून दिसलं."

मी यावर दोन शब्द बोलणार होतो. भाषण तयारही होतं. पण सुमेधानं माझं मनगट धरलं, कालच्यासारखंच, आणि मी गप्प राहिलो.